डब्याची बाजू

रविवारी सकाळी सहाला चांदणी चौकातून निघायचं, मुळशीच्या कडेनं ताम्हिणी गाठायची, घाटात एखाद-दोन फेऱ्या मारायच्या, येताना मिसळ खायची आणि बाराच्या आत घरी. आमच्या ग्रुपचा महिन्यातून एकदा होणारा हा कुळाचार. पाच-सहा गाड्या, आठ-दहा जण. बहुतेक सगळे हिंजवडी किंवा खराडीत नोकरी करणारे. आठवडाभर कोडमधले बग शोधायचे आणि रविवारी एखादं वळण नीट साधलं की आठवड्याचं सार्थक झालं म्हणायचं. मीही त्यातलाच. डिग्री मेकॅनिकलची, पगार सॉफ्टवेअरचा. इंजिनांशी माझा संबंध आता एवढाच उरलाय.

गेल्या पावसाळ्यात मिसळीच्या टेबलावर एकानं खेळ काढला. प्रत्येकानं गाड्यांबद्दलचं आपलं एक 'अनपॉप्युलर ओपिनियन' सांगायचं आणि शिव्या खायची तयारी ठेवायची.

एक जण म्हणाला, पुण्यात राहून मॅन्युअल गिअरबॉक्सचं कौतुक करणारे ढोंगी आहेत. दुसरा म्हणाला, डिझेल इंजिनं जातायत तर जाऊ द्या, उगाच गळे काढू नका. तिसऱ्याच्या मते थार घेऊन फक्त कोथरूड ते बाणेर करणं म्हणजे सारसबागेत ट्रेकिंगचे बूट घालून फिरणं. चौथा म्हणाला, इलेक्ट्रिक गाडी चालवायला पेट्रोलपेक्षा जास्त मजा येते. प्रत्येक वाक्याला थोडी आरडाओरड झाली, थोड्या माना डोलल्या. मग माझी पाळी आली. मी म्हणालो, "गेल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडे विकल्या गेलेल्या गाड्यांमध्ये सगळ्यात चांगलं डिझाइन वॅगन-आरचं आहे."

आरडाओरड झाली नाही. आधी शांतता झाली, मग सगळे एकदम हसले. "कॅबला लावतोयस का?" एकानं विचारलं. "डबा आहे रे तो," दुसरा म्हणाला, आणि पाव मागवले गेले.

घरी येताना गाडी चालवता चालवता माझ्या लक्षात आलं, की आधीच्या चौघांनी जे सांगितलं ते अनपॉप्युलर नव्हतंच. त्या टेबलावर मान्य असलेल्या बंडखोरीची ती यादी होती. अशी मतं मांडली की आपण खरे गाडीवाले आहोत, हे उलट जास्त पक्कं होतं. आणि माझ्या मताची गंमत अशी, की २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सर्वात जास्त विकली गेलेली प्रवासी गाडी वॅगन-आरच होती. सगळ्यात जास्त लोकांनी पैसे मोजून घेतलेली गाडी चांगली आहे, असं म्हणणं गाडीवेड्यांच्या टेबलावर विनोद ठरतं. आपल्या आवडीनिवडीत कुठेतरी घोळ आहे. या लेखात तो घोळ शोधायचा आहे. त्यामागे माझं एक घरगुती कारणही आहे, ते पुढे येईल.

चांगली गाडी म्हणजे कोणासाठी?

गाड्यांचे रिव्ह्यू मी शाळेपासून वाचतोय आणि आता रात्री जेवताना बघतो. त्यांची एक ठरलेली शब्दसंपत्ती आहे. शून्य ते शंभर किती सेकंदांत. स्टीअरिंगमध्ये 'फील' आहे का. वळणावर बॉडी रोल किती. गिअर 'स्लॉट' होतो की अडकतो. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक बोटानं दाबलं तर मऊ लागतं की कडक. हे सगळे प्रश्न चुकीचे नाहीत. मलाही ते महत्त्वाचे वाटतात, म्हणून तर मी रविवारी पहाटे उठतो.

पण हे सगळे प्रश्न एकाच खुर्चीवरून विचारलेले आहेत. ड्रायव्हरच्या. आणि तो ड्रायव्हरही ठरलेला आहे: तिशीच्या आसपासचा, धडधाकट, एकटा, रिकाम्या रस्त्यावर. मागच्या सीटचा उल्लेख येतो तो 'सहा फुटी माणसाच्या गुडघ्याला जागा किती' एवढ्यापुरता. गुडघ्याला जागा किती हे मोजतात. गुडघा वाकतो का, हे कुणी विचारत नाही. डिकी किती लिटरची हे सांगतात. तेलाचा डबा आणि तांदळाचं पोतं त्यात ठेवताना ते किती उंच उचलावं लागतं, हे सांगत नाहीत.

दुसरा घोळ प्रतिष्ठेचा. आपल्याकडे गाडी टॅक्सी झाली की ती गाडीवेड्यांच्या मनातून उतरते. टाटांची इंडिका आठवा. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवलेली, पुण्यात बनलेली, भारतीय कंपनीनं स्वतः उभी केलेली प्रवासी गाडी. पुण्या-पिंपरीतल्या कितीतरी घरांत तिच्याबद्दल घरच्या मुलीसारखं बोललं जायचं. पुढे डिझेल इंडिका टॅक्सीवाल्यांनी उचलली आणि काही वर्षांत 'इंडिका' हा शब्द चेष्टेचा झाला. टाटा सुमोचंही तेच. सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरं घेऊन नाव ठेवलेली ही गाडी वडापला लागली आणि तिची किंमत 'दहा माणसं कोंबायची गाडी' एवढीच राहिली.

खरं तर टॅक्सीवाल्याइतका कठोर समीक्षक दुसरा कोण असेल? तो गाडी दिवसाला बारा तास वापरतो. पेट्रोल-सीएनजीचा, टायरचा, क्लचप्लेटचा प्रत्येक रुपया स्वतःच्या खिशातून देतो. शंभर अनोळखी माणसं मागच्या दारानं आत-बाहेर करतात. एवढं सोसून तो परत तीच गाडी घेत असेल, तर तो पाच वर्षांच्या अभ्यासानंतरचा अभिप्राय आहे. आपण मात्र त्याच कारणानं ती गाडी नाकारतो.

जागा वरच्या बाजूला शोधणारे लोक

वॅगन-आर डब्यासारखी का दिसते, याचं उत्तर जपानच्या कायद्यात आहे. तिथे 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. या वर्गात बसलं तर करात आणि इतर खर्चात सवलती मिळतात. सुझुकीनं १९९३ साली पहिली वॅगन-आर आणली तेव्हा या वर्गाची मर्यादा होती ६६० सीसीचं इंजिन, ३.३ मीटर लांबी आणि १.४ मीटर रुंदी. उंचीला मात्र २ मीटरपर्यंत मुभा होती. लांबी वाढवता येत नाही, रुंदी वाढवता येत नाही. मग जागा शोधायची कुठे? वर. मुंबईच्या खोलीत पोटमाळा काढतात, तोच विचार.

पण उंची वाढवण्याचा अर्थ नुसतं छत वर नेणं असा नव्हता. गाडीच्या डिझाइनमध्ये एक महत्त्वाचा बिंदू असतो, त्याला एच-पॉइंट म्हणतात. बसलेल्या माणसाच्या खुब्याचा सांधा जिथे येतो, तो हा बिंदू. गाडीची बाकीची मापं बरीचशी याच्या आधारानं ठरतात. स्पोर्ट्स कारमध्ये तो जमिनीच्या जवळ असतो, म्हणून तिच्यात आपण 'उतरतो'. मोठ्या एसयूव्हीत तो उंच असतो, म्हणून तिच्यात 'चढतो'. टॉल बॉय म्हणवल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये सीट साधारण उभ्या माणसाच्या खुब्याच्या जवळपास येते आणि पायाखालची फरशी मात्र खालीच राहते. त्यामुळे ना उतरावं लागतं, ना चढावं लागतं. खुर्चीवर बसतो तसं नुसतं बसायचं.

पाय ताठ पुढे न पसरता खुर्चीसारखे खाली सोडून बसल्यामुळे तेवढ्याच लांबीत जास्त माणसं आरामात मावतात. छत उंच असल्यानं डोक्यावरचा पदर, पगडी, गजरा, केसांची क्लिप कशालाच धक्का लागत नाही. काचा मोठ्या आणि उभ्या असल्यानं गाडी कुठे संपते हे दिसतं. हे सगळं एका निर्णयातून येतं, आणि तो निर्णय म्हणजे 'माणूस कसा बसतो' हे आधी ठरवणं.

भारतात १९९८ साली ह्युंदाईची सँट्रो आली आणि १९९९ च्या डिसेंबरात वॅगन-आर. मारुती ८०० च्या बुटक्या आकाराला सरावलेल्या डोळ्यांना दोन्ही विचित्र वाटल्या. सँट्रोला शाहरुख खानची जाहिरात मिळाली. वॅगन-आरला लोकांनी डबा म्हटलं आणि घेतली.

आता मापं बघू. सध्याची, म्हणजे २०१९ साली आलेली वॅगन-आर ३६५५ मिमी लांब आणि १६७५ मिमी उंच आहे. ह्युंदाई व्हेन्यू जेव्हा आली तेव्हा तिची लांबी होती ३९९५ मिमी आणि उंची १६०५ मिमी. परत वाचा. 'एसयूव्ही' म्हणून विकली जाणारी गाडी डब्यापेक्षा बुटकी आहे. वॅगन-आर तिच्यापेक्षा ३४ सेंटिमीटरनं आखूड असून तिची डिकी ३४१ लिटरची आहे, व्हेन्यूची ३५०. चौतीस सेंटिमीटर जास्त लांबी आणि नऊ लिटरचा फरक. इंजिनिअरिंगच्या पेपरात या उत्तराला मार्क कुणाला द्यायचे, हे तुम्हीच ठरवा.

मिश्या लावलेला डबा

व्हेन्यू हे फक्त उदाहरण झालं. खरी कथा आहे त्या ३९९५ मिमीची. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारनं छोट्या गाड्यांवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला. छोटी गाडी म्हणजे लांबी ४ मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. तेव्हापासून आपल्या गाड्यांचा आकार कलाकारापेक्षा चार्टर्ड अकाउंटंटनं जास्त ठरवलाय. २००८ साली टाटांनी इंडिगोची शेपटी कापून इंडिगो सीएस केली. २०१२ साली डिझायरची डिकी कापली गेली. या कापलेल्या डिक्क्यांना आम्ही गाडीवेडे पोट धरून हसलो.

मग २०१३ मध्ये फोर्ड इकोस्पोर्ट आली, २०१६ मध्ये व्हिटारा ब्रेझा, आणि हसणं थांबलं. त्याही चार मीटरच्या आतच होत्या. त्यांचीही लांबी करानंच ठरवली होती. पण चाकांच्या कमानींवर काळं प्लॅस्टिक होतं, छतावर रेल होते, बॉनेट उभं आणि छाती काढलेलं होतं. आज देशातल्या प्रवासी वाहनांच्या विक्रीत निम्म्याहून जास्त वाटा अशा 'युटिलिटी' गाड्यांचा आहे.

यातल्या बहुसंख्य छोट्या एसयूव्हींमध्ये इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते, जशी ती कुठल्याही हॅचबॅकमध्ये जाते. छतावरच्या रेलवर कुणी काही बांधलेलं मी क्वचितच पाहिलंय. आणि कायद्याचं तर काय सांगावं! जीएसटीच्या जुन्या व्याख्येत एसयूव्ही म्हणजे ४ मीटरपेक्षा लांब, १५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाची, १७० मिमी किंवा त्याहून जास्त ग्राउंड क्लिअरन्सची गाडी. त्यामुळे चार मीटरच्या आतली गाडी कंपनी गिऱ्हाइकाला एसयूव्ही म्हणून विकते आणि कर भरताना छोटी गाडी म्हणून दाखवते. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीवर १८ टक्के आणि मोठीवर ४० टक्के जीएसटी झाल्यावर हे दुहेरी आयुष्य आणखी फायद्याचं झालंय.

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. या गाड्या घेणारे लोक मूर्ख नाहीत. आपले खड्डे, सोसायटीच्या दारातले डोंगराएवढे स्पीडब्रेकर, पावसाळ्यात तुंबणारे चौक. ग्राउंड क्लिअरन्स लोकांना खरंच लागतो. सेडानमधून कंबर मोडत बाहेर पडणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला उंच सीटचा खरंच आराम वाटतो. म्हणजे लोकांना नेमकं काय हवं होतं? उंच बसायला, पुढचं नीट दिसायला, सहज आत-बाहेर करायला. हे सगळं टॉल बॉयनं १९९९ मध्येच देऊ केलं होतं. डब्याचं म्हणणं लोकांना पटलंच होतं. फक्त डबा म्हणून घ्यायची लाज वाटत होती, म्हणून कंपन्यांनी त्याला मिश्या लावून दिल्या.

त्या मिश्यांचे पैसे आपण भरतो. वजनाचे भरतो: पेट्रोल वॅगन-आर साधारण ८०० ते ८५० किलोची आहे, बऱ्याच छोट्या एसयूव्ही हजार-अकराशे किलोंच्या पुढे जातात, आणि सिग्नलला दर वेळी ते वजन थांबवून परत पळवायला पेट्रोल लागतं. रुंदीचे भरतो: जुन्या पेठांतल्या गल्लीत आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये. आणि दाराच्या उंबऱ्याचे भरतो: फरशी वर गेली की आत शिरताना पाय तेवढा जास्त उचलावा लागतो. तिशीतल्या माणसाला हा फरक कळतही नाही.

आणि सेफ्टीचं काय?

टेबलावर हसून झाल्यावर एका मित्रानं हा प्रश्न गंभीरपणे विचारला होता. प्रश्न रास्त आहे आणि त्यावर पळवाट काढता येणार नाही. ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या निकालात वॅगन-आरला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी एकच स्टार मिळाला आणि बॉडीशेल अस्थिर ठरलं. त्याआधी २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी झाली होती. सर्वोत्तम डिझाइन म्हणताना मी हे विसरत असेन, तर माझ्या डिग्रीचा उपयोग काय?

माझं उत्तर असं. तो एक स्टार हा वॅगन-आरचा खरा दोष आहे आणि त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण तो डब्याच्या आकाराचा दोष नाही. टक्कर झाल्यावर माणूस वाचतो तो सांगाड्याच्या मजबुतीमुळे, बेल्ट आणि एअरबॅगमुळे. टाटा अल्ट्रोझ ही साधी हॅचबॅक आहे, तिला २०२० मध्ये त्याच संस्थेच्या चाचणीत पाच स्टार मिळाले. म्हणजे मजबुती छोट्या गाडीलाही देता येते, फक्त कुणीतरी ती मागायला हवी. आणि मागणार कोण? ज्यांचा आवाज रिव्ह्यूंमध्ये आणि कमेंटमध्ये मोठा असतो, ते आपण. आपण 'डबा आहे, घेऊच नका' म्हणून मोकळे होतो. 'हाच डबा मजबूत करून द्या' असं आपण कधी बोंबलून सांगितलं? समीक्षक ज्या पुस्तकाला हातच लावत नाही, त्याची पुढची आवृत्ती सुधारत नाही.

शिवाय सुरक्षिततेचा हिशोब काचेच्या आतच संपत नाही. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेनं २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाड्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांपेक्षा, म्हणजे साधारण एक मीटरपेक्षा उंच आहे, त्यांनी धडक दिल्यास पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. तिथल्या पिकअपइतक्या अवाढव्य गाड्या आपल्याकडे कमी आहेत, हे खरं. पण 'रोड प्रेझेन्स' म्हणून आपण ज्या उभ्या छातीचं कौतुक करतो, ती छाती रस्त्यावर चालणाऱ्याच्या कुठल्या अवयवाला लागेल, हा प्रश्न आपल्या रिव्ह्यूंमध्ये येत नाही. कर्वे रोडवर फुटपाथ सापडत नाही म्हणून डांबरावरून चालणारी माणसं बघा आणि मग 'प्रेझेन्स' हा शब्द परत उच्चारून बघा.

डब्याचे बाकीचे दोषही सांगून टाकतो. एक्स्प्रेस वेवर शंभरच्या वेगात शेजारून ट्रेलर गेला की उंच, हलकी गाडी हलते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे सपाट नाकाच्या डब्याला वेगात जास्त दम लागतो. ताम्हिणीत ती मला नको. पण माझ्या वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी ताम्हिणीचे दिवस जेमतेम बारा.

सल्ला देणारा मुलगा

आता ते घरगुती कारण.

प्रत्येक मराठी घराण्यात 'गाड्यांमधलं कळणारा' एक मुलगा असतो. मावसभावापासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे गाडी घेताना त्याला फोन करतात. "तू सांग रे, तुला कळतं त्यातलं." आमच्या घराण्यात तो मी. इंजिनिअरिंगला गेल्यापासून किमान नऊ गाड्या माझ्या शब्दावर घेतल्या गेल्यात. एवढी सत्ता मला ऑफिसमध्ये कधी मिळाली नाही.

आमचं घर कराडजवळच्या गावात. बाबांनी २००८ मध्ये वॅगन-आर घेतली, अकराशे सीसीच्या आसपासची जुनी, चौकोनी. मी त्यातच गाडी शिकलो. आजी त्यातूनच लग्नांना, जत्रेला, दवाखान्यात जायची. दार उघडायचं, सीटकडे पाठ करायची, टेकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. मी हे इतक्या वेळा पाहिलं होतं, की ते पाहण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही.

२०२२ मध्ये गाडी चौदा वर्षांची झाली. बाबा म्हणाले, "परत तीच घेऊ. नवीन मॉडेल चांगलं आलंय म्हणतात." मी नको म्हणालो. माझ्या नोकरीला काही वर्षं झाली होती, निम्मा हप्ता मी भरणार होतो आणि आपल्या दारात परत डबा ही कल्पना मला सहन होत नव्हती. बाबांना मी हे असं सांगितलं नाही. मी एक्सेल शीट केली. पॉवर, टॉर्क, स्टार, टचस्क्रीनची साइज, रीसेल. सतरा कॉलम होते. बाबांनी शीट मोबाइलवर उघडली, वर-खाली केली आणि म्हणाले, "तुला कळतं त्यातलं."

आम्ही एक कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली. नाव सांगत नाही. गाडी चांगली आहे, तिचा दोष नाही. दारात पूजा झाली, चाकाखाली लिंबू चिरडलं, पेढे वाटले. मग आजीला पहिली चक्कर मारायला बसवायचं ठरलं. तिनं नेहमीसारखी पाठ केली. सीट तिच्या कमरेच्या वर होती. मग समोरून पाय वर टाकायचा प्रयत्न केला. पाय उंबऱ्यापर्यंत पोचला, पण त्यावर भार देऊन वर उठायला गुडघा तयार नव्हता. शेवटी बाबांनी आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून वर घेतलं. ती हसली. आम्हीही हसलो. व्हिडिओ आहे तो.

त्यानंतर डिकीत एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल आलं. काही महिने ते वापरलं. लग्नाच्या कार्यालयासमोर, चार माणसांसमोर स्टूल काढायचं, तिला धरायचं, स्टूल परत आत टाकायचं. मग ती म्हणायला लागली, "तुमी जाऊन या. म्या घर राखती." जत्रेलाही तेच. सुरुवातीला आम्हाला वाटलं, वय झालं. माझ्या सतरा कॉलममध्ये तिचा एकही नव्हता, हे मला तेव्हा सुचलं नाही.

गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला पुण्यात आणलं. दुसऱ्या दिवशी तपासणीला न्यायचं होतं आणि माझी गाडी सर्व्हिसिंगला होती, म्हणून कॅब बोलावली. वॅगन-आर आली. पांढरी, पिवळ्या-काळ्या पाटीची, अगदी मिसळीच्या टेबलावर हसण्यासारखी. मी पलीकडून वळून तिला धरायला येईपर्यंत आजीनं स्वतः दार उघडलं होतं. पाठ केली, टेकली, एक पाय आत, दुसरा पाय आत. दारही तिनंच ओढून घेतलं. एका डोळ्यावर पट्टी होती. दुसऱ्या डोळ्यानं डॅशबोर्डकडे बघत ती म्हणाली, "आपली गाडी परत आणलीस व्हय?"

मी नाही म्हणालो. ड्रायव्हरनं ओटीपी विचारला.

फोन

एवढं झाल्यावर मी बदललो वगैरे असं काही नाही. पुढच्या महिन्यात परत ताम्हिणीला जाईन. तिसऱ्या गिअरमधल्या त्या वळणाचं मला अजूनही वेड आहे आणि स्टीअरिंगच्या फीलबद्दल मी अर्धा तास बोलू शकतो. ती आवड खोटी नाही. पण ती माझी आवड आहे, आणि ती मी दुसऱ्यांच्या दारात दहा-दहा वर्षांसाठी उभी करत आलोय. कुठल्याही समीक्षकानं स्वतःला विचारायचा प्रश्न मी विचारलाच नव्हता: ही गोष्ट कोणासाठी केलेली आहे, आणि मी कोणाच्या खुर्चीत बसून बोलतोय?

दिवाळीच्या आधी मामाचा सांगलीहून फोन आला. बजेट दहा लाख, घरात मामी, दोन मुलं आणि मामीची आई. "त्या नवीन एसयूव्हीतली कुठली घेऊ सांग. तुला कळतं त्यातलं."

मी विचारलं, "मामीच्या आईचे गुडघे कसे आहेत?"

"अरे, गाडीचं विचारतोय मी."

"मीपण गाडीचंच विचारतोय मामा. एक काम करा. शोरूमला जाताना त्यांना घेऊन जा. टेस्ट ड्राइव्ह नंतर घ्या. आधी प्रत्येक गाडीत त्यांना मागच्या सीटवर तीनदा बसवा, तीनदा उतरवा. कुणी हात धरायचा नाही. मग मला फोन करा."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग मामानं फोनवर हात ठेवून मामीला काहीतरी विचारलं.